गंगामातीची डबी

आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत ऊन खाली उतरत नाही. थंडीत त्याला भेटायला आपणच वर जावं लागतं, तीन जिने चढून. मार्गशीर्ष लागला, गंगेवर धुकं बसायला लागलं, की साडेदहाच्या सुमाराला गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या छतांवर दिसायला लागतात. कुणी मटार सोलते, कुणी केस वाळवते, कुणी नुसतीच पाठ शेकते. मी अजून चढते. गुडघे नाही म्हणतात, पण मी आयुष्यात फार जणांचं ऐकलेलं नाही, गुडघ्यांचं काय ऐकणार? वर गेलं की खाटेवर बसायचं, श्वास जागेवर येईपर्यंत पंचगंगा घाटाकडे बघायचं आणि मग हंड्याखाली जाळ करायचा.

हंड्यात पाणी, पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि जुनी मऊ सुती धोतरं. पाण्याला उकळी फुटली की एक वास सुटतो, ओल्या कापडाचा, सोड्याचा आणि लाकडाच्या धुराचा. तो वास नाकात गेला की मी एकोणीस वर्षांची होते. इंग्रजांचं राज्य असतं, समोरच्या पाठशाळेतून वेदपठणाचा आवाज येत असतो, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, खालच्या मजल्यावर पोटावर हात ठेवून बसलेल्या असतात. आता इस्पितळात सगळं तयार मिळतं, तुम्ही कशाला धूर खाता, असं घरची मंडळी विचारतात. मी उत्तर देत नाही. यंदा मात्र देणार आहे.

माझं माहेर सागरचं. लग्न होऊन काशीला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. सासरे वैदिक, दिवसभर विद्यार्थ्यांत. घर चालायचं ते त्यांच्या विधवा बहिणीच्या, आत्याबाईंच्या जोरावर. लाल अलवण, कपाळ मोकळं, अंगात सोवळं आणि पायात चाकं. पहाटे गंगेवर, मग देवघर, मग चूल, मग वाती. त्यांचं सोवळं इतकं कडक की वाळत घातलेल्या वस्त्रावर कुणाची सावली पडली तरी त्या काठीनं ते पुन्हा बादलीत ढकलायच्या. तोंड फटकळ, पण हात मायेचा. मला ताप आला तर उशाशी बसून राहत आणि बरी झाले की आधी चार शब्द सुनावत. मला त्या फार आवडायच्या. त्यांच्या समोर हे बोलायची माझी छाती नव्हती.

त्यांच्या देवघरात एक पितळेची डबी असायची. पावसाळ्यातला पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचून राहतो. कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाला गेल्या की आत्याबाई पंचगंगा घाटाच्या पायरीवरून त्यातली चिमूटभर माती आणत, सावलीत वाळवत आणि डबीत भरत. गंध लावायला ती माती, प्रवासाला निघणाऱ्याच्या पदराला ती माती, आणि घरात मूल जन्मलं की त्याच्या ताज्या कापलेल्या नाळेवर तीच माती. दाई नाळ कापून बाजूला झाली की आत्याबाई आत जायच्या, बेंबीवर चिमूट दाबायच्या, "गंगामाईच्या ओटीत" म्हणायच्या आणि सरळ नदीवर आंघोळीला जायच्या. त्यांच्याकडे त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेलं होतं ते.

वहिनींना दोन मुलं झाली होती आणि दोन्ही आठव्या दिवशी गेली होती. पहिला मुलगा, मी या घरात यायच्या आधीचा. दुसरी मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत. सहा दिवस छान प्यायली, रडली, झोपली. सातव्या दिवशी सकाळी तिला तोंड उघडेना. संध्याकाळपर्यंत जबडा मिटला, मुठी आवळल्या, अंग मागे ताणलं जायला लागलं. कुणी बोटानं नुसता स्पर्श केला तरी ते एवढंसं अंग ताठ व्हायचं. गल्लीत म्हणाले, सटवाईनं नेलं. तान्ह्यांना अग्नी देत नाहीत. थोरल्या दिरांनी तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि होडीतून गंगेत सोडून आले. वहिनींच्या अंगावर दूध होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत त्यांच्या चोळीकडे बघायची मला भीती वाटायची.

त्या दुसऱ्या वेळी आत्याबाई कार्तिकात तापानं अंथरुणावर होत्या. स्नानाला जाता आलं नाही. त्यांनी मला बोलावलं, डबी हातात दिली आणि माती आणायला सांगितली. नवी नवरी, केवढा मान वाटला मला. मी पायरीच्या कोपऱ्यातली मऊ, चिकण माती बोटांनी उचलली. थंडगार होती. शेजारीच एक म्हैस पाण्यात उतरत होती, ते मला अजून दिसतं. तेव्हा त्यात काही बघण्यासारखं नव्हतं.

तर तो हिवाळा. वहिनींना तिसऱ्यांदा दिवस गेलेले, सातवा महिना. घरात कुणी नाव काढत नव्हतं, कुणी टोपडं शिवत नव्हतं. वहिनी एकदाच मला म्हणाल्या होत्या, या वेळी गेलं तर मीही होडीत बसेन. हळू आवाजात म्हणाल्या, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

त्याच सुमाराला लेलेकाकूंचं मंडळ सुरू झालं. काकू इंदूरहून आलेल्या, यजमान शाळामास्तर. शनिवारी मंगळागौरीच्या देवळाजवळ एका दालानात बायका पोथी ऐकायला जमत. काकूंनी ठरवलं, पोथीनंतर अर्धा तास आरोग्याचं बोलायचं. जनाना इस्पितळातल्या एका बंगाली डॉक्टरीणबाईंना त्या घेऊन आल्या. बाई बिचाऱ्या पहिल्याच शनिवारी म्हणाल्या, गंगेचं पाणी उकळून प्या. मग एक आजी उठल्या, त्यांच्यामागे दुसऱ्या, आणि पाच मिनिटांत निम्मी सतरंजी रिकामी. गंगेला उकळायचं म्हणते, ही बातमी आमच्या आधी घाटावर पोचली. पुढचे दोन शनिवार पोथीलाही कुणी आलं नाही.

दुसरं कुणी असतं तर मंडळ तिथंच बुडालं असतं. काकू काही दिवसांनी म्हणाल्या, "नदीला हात लावायचा नाही. आपण बाळंतविडा द्यायचा." बाळंतविड्याला मराठी घरात नाही कोण म्हणणार? पूर्वी बाळंतिणीच्या वाट्याला घरातलं सगळ्यात फाटकं, मळकं कापड यायचं, कारण सोयरातलं सगळं शेवटी टाकूनच द्यायचं असायचं. आम्ही गाठोडं करणार होतो. चार धडपी, दोन लंगोट, नाळ बांधायला दोरा, सगळं उकळून कडक उन्हात वाळवलेलं, सोबत कोरं पातं आणि साबणाची वडी. वर तांबडी गाठ. दाईनं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय गाठ सोडायची नाही, एवढा एकच नियम.

कापड हवं होतं जुनं, मऊ. ते काशीत एकाच ठिकाणी भरपूर, वैदिकांच्या घरी. आम्ही दारोदार फिरून जुनी धोतरं मागितली. माझे सासरे आधी पुष्कळ कुरकुरले, की ज्या धोतरात संहिता म्हटली ते बाळंतिणीच्या खोलीत जाणार का. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांची दोन धोतरं घडी घालून ठेवलेली होती. आमच्याच छतावर ऊन सगळ्यात जास्त वेळ टिकायचं, म्हणून हंडा आमच्याकडे आला. माकडांवर नजर ठेवायला एकीनं काठी घेऊन बसायचं. एका दुपारी डोळा लागला आणि एक माकड गल्लीतल्या सर्वांत मोठ्या पंडितांचं धोतर घेऊन शेजारच्या देवळाच्या कळसावर जाऊन बसलं. खाली विद्यार्थी, वर धोतर. त्या दिवशी हसून हसून वहिनींच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. फार दिवसांनी त्यांचे दात दिसले.

लोक आम्हाला गाठोडेवाल्या म्हणायला लागले. म्हणेनात का. म्युनिसिपालटीनं चौकात साथीचा फलक लावला होता, हिंदीत आणि इंग्रजीत, आणि त्याला टेकून लोक पान खात उभे राहायचे. सरकारी माणूस दारापर्यंत यायचा, वहीत काही लिहायचा आणि जायचा. आम्ही स्वयंपाकघरापर्यंत जात होतो. कुठल्या घरात कोणाला दिवस गेलेत, कुठल्या सासूला कसं वळवायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या जोरावर आम्हाला वाटत होतं की आम्हाला सगळंच कळतं. आम्ही सांगत सुटलो होतो. विचारत कुणालाच नव्हतो.

विचारलं ते डॉक्टरीणबाईंनी. मार्गशीर्षात एका दुपारी त्या आमच्या छतावर आल्या आणि म्हणाल्या, दाईंना बोलवा. गल्लीत बाळंतपणं करायची ती सुखिया. आमच्यातल्या काही जणींना वाटत होतं की सगळा घोळ दाईचाच असणार. सुखिया जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून बसली, कारण आमच्या घरात तिला पुढे बसायची सवय कुणी लावली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेजवळ बोलावलं, पातं दाखवलं, साबण दाखवला. सुखिया सगळं निरखून बघत होती. मग म्हणाली, "हमको आज तक किसी ने बताया ही नहीं, बहूजी. हँसिया देते रहे, हम काटते रहे."

विळा तिच्या हातात आम्हीच देत होतो. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तरी मला लाज वाटली. डॉक्टरीणबाईंनी तिला पुढचं विचारलं, नाळ कापल्यावर वर काय लावतात. सुखिया म्हणाली, कुणाकडे राख, कुणाकडे तेल. मग म्हणाली, "इन दक्खिनी लोगों के यहाँ गंगाजी की माटी." डॉक्टरीणबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यांनी विचारलं, मग मुलं? सुखियानं नुसतं माझ्याकडे बघितलं. आमच्या घरची दोन्ही तिच्याच हातांवर जन्मली होती.

घाटावरच्या मातीत जनावरांचं शेण मिसळलेलं असतं, ती उघड्या जखमेत गेली की धनुर्वात होतो, आणि तान्ह्याच्या बेंबीसारखी उघडी जखम नाही, हे बाई पुढे सांगत होत्या. मला ते लांबून ऐकू येत होतं. माझ्या बोटांना ती थंड माती पुन्हा लागली होती. हंड्यातलं पाणी उतू जात होतं आणि लेलेकाकू मला हाका मारत होत्या.

मी काय केलं असेल? डबी चोरली. शूरपणा एवढाच. देवघरातून उचलली आणि तांदळाच्या कोठीत खोल पुरली. आत्याबाईंनी दोन दिवस शोधली, उंदरांना शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी नदीवरून येताना एका पानात नवी माती घेऊन आल्या. अख्खी गंगा दाराशी, मी किती डब्या लपवणार? बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि बोलायचं म्हणजे त्या बाईला सांगायचं की तुमच्या चिमटीनं दोन मुलं गेली. वहिनींना सांगायची तर मला हिंमतच नव्हती. काकू म्हणाल्या, मी येते सोबत. मी नको म्हटलं. ते घरातलं होतं.

दुपारची वेळ होती. आत्याबाई माजघरात वाती वळत बसल्या होत्या. मी समोर बसले.

"आत्याबाई, या वेळी नाळेवर माती लावायची नाही."

"का? तुझ्या मंडळाचा हुकूम वाटतं?"

मी सगळं सांगितलं. घाटाची पायरी, म्हैस, शेण, जखम. गंगेत खोट नाही, पायरीवरच्या गाळात आहे, असं म्हणाले. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. वाती वळणारा हात मांडीवर थांबला होता. मी गप्प झाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही वेळा?"

मी मान हलवली. मग घशात आलं ते बोलायला लागले, की दुसऱ्या वेळची माती तर... त्यांनी हात वर केला.

"वातींना हात लावू नकोस, ओवळ्या होतील. जा, खाली वहिनी एकटी आहे."

मी वातींना हात लावतच नव्हते. त्या तसं का म्हणाल्या, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

चार दिवस आत्याबाई कुणाशी बोलल्या नाहीत. नदीवर जात, देवघरात बसत. ताट तसंच झाकून राही. सासरे दाराशी जाऊन उभे राहत आणि परत फिरत. मला वाटलं मी त्यांना मारलं. वहिनी विचारायच्या, काय झालं गं आत्याबाईंना, आणि मी थंडी बाधली म्हणायची. पाचव्या दिवशी मी वर गेले तर हंड्याखाली जाळ आधीच लागलेला. आत्याबाई काठीनं धोतरं ढवळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती वेळ उकळायचं म्हणते तुझी डॉक्टरीण?"

त्या दिवसापासून छत त्यांचं झालं. आम्ही मंडळातल्या बायका शिकलेल्या, पण आमच्या हातात शिस्त नव्हती. उकळलेलं कापड खाली टेकायचं, कुणी त्यावर बसायचं, कुणी त्यालाच हात पुसायचे. आत्याबाईंना हे सांगावं लागलं नाही. धुतलेलं वस्त्र उंच दांडीवर काठीनं टाकायचं, वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही, घडी घालण्याआधी हात धुवायचे, शिंक आली तर लांब व्हायचं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. डॉक्टरीणबाई एकदा येऊन बघून गेल्या आणि काकूंना म्हणाल्या, माझ्या नर्सांना इथे पाठवते. आत्याबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, पाय धुऊन यायला सांग.

पौषात, एका धुकट दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी वहिनींना कळा सुरू झाल्या. सुखियाला बोलावलं. आत्याबाईंनी तिला न्हाणीपाशी उभं केलं आणि स्वतः तिच्या हातांवर पाणी घातलं, कोपरापर्यंत, तीनदा. ज्या बाईच्या सावलीला त्या वर्षानुवर्षं टाळत आल्या होत्या तिच्या हातांवर. सुखियाचे डोळे खाली होते, आत्याबाईंचे तिच्या नखांवर. मग तांबडी गाठ सुटली. मुलगा झाला. आत्याबाई या वेळी आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर पदरात दोन्ही हात गुंडाळून उभ्या राहिल्या.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. छतावर मुलांचे पतंग चढत होते, कुणीतरी मातीच्या वाडग्यांतून मलइयो, म्हणजे थंडीतला दुधाचा गोड फेस, आणून दिलं होतं, ते तसंच बसून गेलं. रोज सकाळी माझं एकच काम. वहिनींच्या खोलीत जायचं आणि तो तोंड उघडतो का बघायचं. सहावा दिवस गेला. सातव्या दिवशी सकाळी वहिनींनी त्याला पदराखाली घेतलं, आणि घरात कुणी हलेना. पाठशाळेतला आवाजसुद्धा मला नकोसा झाला होता. मग चुरुचुरु प्यायल्याचा आवाज आला. वहिनी भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. मी बाहेर आले. आत्याबाई दारातच होत्या. पितोय, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, अजून उद्या आहे.

तो उद्याही गेला. बारसं झालं, विनायक नाव ठेवलं. त्यानंतर आत्याबाई एका दुपारी वहिनींच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा वहिनींचे डोळे सुजलेले होते आणि विनू आत्याबाईंच्या मांडीवर होता.

रथसप्तमीला मंडळाचं हळदीकुंकू आमच्या छतावर ठेवलं होतं. गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात सूर्यासाठी दूध उतू गेलं होतं, त्याचा करपट वास दरवळत होता. तीसेक बायका, ठेवणीतली लुगडी, तिळगुळाची ताटं. काकूंनी उभं राहून सांगितलं, की गाठोडी तुम्ही नेता, पण वर माती, राख लावायचं थांबवत नाही. बायका माना डोलवत होत्या आणि एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या. तेवढ्यात जिन्याच्या दारात लाल अलवण दिसलं. हळदीकुंकवाला विधवा बाई येत नसते. पुढच्या दोघीतिघींनी लुगडी आवरून घेतली. आत्याबाई तिथेच थांबल्या, उंबरा ओलांडला नाही. मूठ उघडली. तळव्यावर ती पितळेची डबी होती. तांदळाच्या कोठीतून त्यांना ती केव्हाच सापडली होती तर.

"आमच्या घरातली दोन मुलं या मातीनं गेली. मीच आणली, मीच लावली. माझ्या हातून गेली. तुम्ही लावू नका."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. डबी उंबऱ्यावर ठेवली आणि खाली निघून गेल्या. कुणाची बांगडी वाजली नाही. मग ज्या आजी पहिल्या शनिवारी पाणी उकळण्यावरून उठून गेल्या होत्या त्या पुढे झाल्या आणि काकूंकडे एक गाठोडं मागितलं. त्यांच्या नातीला दिवस गेले होते. आमच्या मंडळानं किती शनिवार घसा कोरडा केला होता, पण त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत नाळेवर माती पडल्याचं मी ऐकलं नाही. मंडळं ठरावांनी चालतात असं लोकांना वाटतं. आमचं चाललं ते एका बाईनं आपली चूक चारचौघींत सांगितली म्हणून.

आणि मी? मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. मीच आणली, असं त्या म्हणाल्या तेव्हा आमची नजरानजर झाली. वातींना हात लावू नकोस, म्हणून त्यांनी माझं तोंड का थांबवलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं जन्मभर हे ओझं वाहू नये, असं त्यांना वाटलं असणार. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी ताट पुढे केलं आणि पुढच्या बाईला तिळगूळ दिला.

आत्याबाई गेल्या. मणिकर्णिकेवर त्यांना नेलं तेव्हा सुखिया घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन उभी होती. इंग्रज गेले, वहिनी गेल्या, विनूचे केस पांढरे झाले. माझी खाट अजून तोच छतावर चढवतो. दर रथसप्तमीला मंडळाच्या नव्या मुली मला आत्याबाईंची गोष्ट सांगायला लावतात आणि मी सांगते. ऐकून पोरींचे डोळे भरून येतात. मी त्यांचं धैर्य फार रंगवून सांगते. माती कुणी आणली तिथे आले की मात्र दर वर्षी त्यांचंच वाक्य म्हणते आणि पुढे जाते.

यंदा विनूच्या सुनेला दिवस गेलेत. परवा ती वर माझ्याशेजारी बसून धडप्यांच्या घड्या घालत होती. हात धुऊन आली होती, न सांगता. मध्येच म्हणाली, "आजी, त्या वर्षी आत्याबाईंना ताप होता म्हणता, मग त्या नदीवर गेल्या कशा?" इतक्या वर्षांत एकीनंही विचारलं नव्हतं. मी हंड्यातलं पाणी ढवळत राहिले. तिला म्हटलं, रथसप्तमीला सांगते, सगळ्यांसमोर.

सांगणार आहे. गुडघे काहीही म्हणोत, उभी राहून सांगणार आहे. डबी माझ्याकडेच आहे, ती उंबऱ्यावर ठेवीन. आणि म्हणेन, पोरींनो, आत्याबाईंनी तुमच्या पणज्यांसमोर एक वाक्य खोटं सांगितलं होतं. दुसऱ्या वेळची माती मी आणली होती.